रज्जाकभाईंचं स्टॉकहोम

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम ही सौदीतल्या राबिघला आमच्या कॅम्पच्या मागच्या अंगाला, पार्किंगपासून पाण्याच्या टाकीपर्यंत पसरलेली आहे. हसू नका. मी ते शहर आधी तिथे पाहिलं. मार्चातली रणरणती दुपार, पोटात मेसचा राजमा आणि अंगात पोटरीपर्यंत लोंबणारा काळा लोकरीचा कोट. नंतर खरं स्टॉकहोम पाहायला गेलो, तर पहिले दोन तास मी त्यालाच नावं ठेवत होतो. राजवाडा चुकीच्या रंगाचा वाटला. आमचा निळा होता, आणि त्यावर ‘पिण्याचे पाणी’ असं अरबीत लिहिलेलं होतं.

ही सगळी करणी रज्जाकभाई सरखोतांची. बाणकोटच्या खाडीवरचा माणूस, साठी ओलांडलेली, उंच, ताठ, दाढी बारीक कातरलेली, शर्टाची इस्त्री अशी की बाहीच्या धारेवर कांदा चिरावा. आमची कंपनी रिफायनरीतल्या कंप्रेसरांची देखभाल करते. ती यंत्रं स्वीडनची, म्हणून दर हिवाळ्याच्या शेवटी आमच्यातली चार-दोन माणसं प्रशिक्षणाला स्टॉकहोमला जातात. तिकीट, व्हिसा, एक्झिट-रीएन्ट्री, हे सगळं बघायचे रज्जाकभाई. पण त्यांच्या हातून तिकीट सुटायच्या आधी एक विधी असायचा. त्याला ते ‘शहराची ओळख’ म्हणत. ओळख झाल्याशिवाय तिकीट नाही. मॅनेजरलाही नाही.

विधीची सुरुवात कोटाने. तो त्यांचा स्वतःचा कोट होता, स्टॉकहोमातच घेतलेला. तो जाणाऱ्याच्या अंगावर चढवला जाई, बटणं गळ्यापर्यंत लावली जात, आणि मग रज्जाकभाई दोन्ही हात पसरून, नाटकातल्या सूत्रधारासारखे उभे राहत.

“बघा. हे मेस, म्हणजे मोठं स्टेशन. हिथून भाईर पडायचं. समोर पार्किंग, म्हणजे तलाव. तलाव बोलतो, पण साधं तळं नाय ते, पार आत मुलुखात गेलेलं हाय. ह्या पोर्टाकॅबिनांच्या दोन रांगा, हे जुनं गाव. गल्ल्या अशा चिंचोळ्या, की समोरून जाडा माणूस आला तर तुमी मागे फिरायचं. आन ती टाकी...”

“राजवाडा,” मी म्हणालो. हे सगळ्या कॅम्पला पाठ होतं. मल्याळी ड्रायव्हरसुद्धा फोनवर सांगायचा, “गाडी राजवाड्याजवळ लावलीय.”

“मग चला. यल्ला. आन जगताप, हात खिशात घालू नका. बर्फावर पडलात तर हात मोकळे पायजेत.”

“रज्जाकभाई, बर्फ कुठाय? डांबर वितळतंय.”

“तुमी घाटावरची माणसं. पाणी बोललं की तुमाला विहीर दिसते नायतर टँकर. कराडच्या माणसाला बर्फ कोण समजावणार? चाला. गुडघे थोडे वाकवा. पाऊल सपाट. बदकासारखं.”

आणि मी, एक पन्नाशीचा इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, बायको-मुलांचा धनी, वाळवंटात काळा कोट घालून बदकासारखा चालत राजवाड्याकडे निघालो. कॅबिनांच्या खिडक्यांतून लोक बघत होते. कोणी हसत नव्हतं. आपापल्या वेळी सगळेच चालले होते.

एका वर्षी त्यांना वाटलं, नुसत्या चालण्याने भागत नाही. त्यांनी मेसच्या व्हरांड्यातल्या फरशीवर साबणाचं पाणी ओतलं आणि पेशावरचा फोरमन गुलखान याला त्यावरून चालवलं. गुलखान म्हणजे दरवाजातून आडवा होऊन आत येणारा माणूस. तो जो सुटला तो थेट स्वयंपाकघरात, नेपाळी आचाऱ्याच्या पिठाच्या परातीत बसला. आचारी ओरडत होता, गुलखान पश्तूमध्ये काहीतरी पवित्र नसलेलं बोलत होता, आणि रज्जाकभाई त्याच्याजवळ गुडघ्यावर बसून शांतपणे विचारत होते, “लगा तो नहीं? अब समझा? वहाँ नीचे परात नहीं होती, खानसाब. नीचे पानी होता है.”

त्यानंतर हशा थांबला. कारण तोवर कॅम्पात सगळ्यांना माहीत होतं.

त्यांचा मुलगा साजिद स्टॉकहोमला नोकरीला होता. संगणकातलं काहीतरी काम, चांगला पगार, आईला रोज फोन. एका हिवाळ्याच्या शेवटी शहराबाहेर, राजवाड्यापर्यंत येणाऱ्या त्याच तलावाच्या गोठलेल्या पाण्यावरून तो जवळच्या वाटेने पलीकडे निघाला. तिथले लोकही जातात तसे. बर्फ वरून पांढरा होता, आतून सुटलेला. एका बाईने तिच्या खिडकीतून एक माणूस चालताना पाहिला, आणि मग नुसता बर्फ पाहिला. टोपी सापडली. साजिद सापडला नाही. बर्फ वितळला, उन्हाळा आला, तरी नाही.

रज्जाकभाई तेव्हा तिकडे गेले होते, मिळाली तेवढी सगळी रजा घेऊन. परत आले ते कोट घेऊन आणि ही ओळख घेऊन.

त्यांच्या लकबी सांगायच्या तर पहिली ही: ते नेहमी आपल्या डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडून चालत. बाजारात, मशिदीच्या वाटेवर, ऑफिसच्या अरुंद बोळातसुद्धा. नवखा कोणी डावीकडून चालू लागला तर हलक्या हाताने त्याचं कोपर धरून त्याला उजवीकडे घेत, बोलणं न तोडता. मी एकदा मुद्दाम खोडी काढायला डावीकडे शिरलो. त्यांनी मलाही तसंच उजवीकडे आणलं. मग डावीकडे मान वळवून किंचित हसले. माझ्याकडे बघून नव्हे. त्या दिवसापासून मी खोड्या उजवीकडूनच काढल्या.

दुसरी लकब, म्हणजे परत आलेल्याची उलटतपासणी. प्रवासी परतला की त्याने चहाला यायचं. भेटी, चॉकलेटं, फ्रीजवर चिकटवायची चित्रं, यातलं काही नको. प्रश्न ठरलेला.

“राजवाड्याच्या मागे, पुलाजवळ, तळ्याचं पाणी समुद्रात उतरतं, तिथे उभे राहिलात?”

“राहिलो, रज्जाकभाई.”

“काय दिसलं?”

“पाणी. बदकं.”

“बदकांची तोंडं कुठल्या बाजूला होती?”

आता याचं उत्तर कोण देणार? एकदा आमच्या कुट्टीने, पालघाटचा हुशार माणूस, खरं सांगितलं की बदकांकडे लक्ष दिलं नाही. रज्जाकभाईंनी त्याला आठवडाभर चहा दिला नाही. तेव्हापासून जाणारा प्रत्येक जण बदकांची तोंडं बघून यायचा. वाहत्या पाण्यात बदक प्रवाहाकडे तोंड करून पोहतं, म्हणजे त्याच्या तोंडाच्या उलट दिशेला पाणी चाललंय हे कळतं. हे मला फार उशिरा कळलं. मी म्हटलं ना, घाटावरचा.

तिसरी लकब म्हणजे ते गावी जात नसत. रजा जमत राही, ते ती विरू देत. साठी झाली, कंपनीने निवृत्तीचं विचारलं, त्यांनी मुदत वाढवून घेतली. पुन्हा वाढवून घेतली. साहेब खूश होता, कारण असा माणूस मिळत नाही. खूश नव्हती ती एकटी हाजराभाभी, त्यांची बायको, खाडीकाठच्या घरात.

तिचा फोन मला आला तो एका शुक्रवारी दुपारी. रज्जाकभाईंनी कधीतरी अडीनडीला म्हणून माझा नंबर देऊन ठेवला होता.

“जगतापभाऊ बोलतात का? मी साजिदची आई. ते फोन उचलत नाय, म्हून तुमाला त्रास.”

मी म्हटलं, त्रास कसला, भाभी.

“त्यांना घरी धाडा. मना पैसा नको, काय नको. गावची जमात कवापासून तयार हाय. आमच्या कोकणात मय्यत समोर नसली तरी जनाज्याची नमाज होते. खतीबसाब बोलतात, करू, पण बापाने हो बोलायला पायजे, बापाने नमाजेच्या रांगेत, सफेत, उभं रायला पायजे. आन बाप तिकडे वाळूत रस्ते आखतोय.”

तिने एक श्वास घेतला.

“भाऊ, मी दुवा मागायला हात उचलते, आन काय मागू तेच कळत नाय. त्याची उमर मागू, का मगफिरत, अल्लाची माफी, मागू? जित्याला मागायचं वेगळं, मेल्याला मागायचं वेगळं. माझे हात तसेच रातात. तुमी सांगा त्यांना. मना एक काय ते मागू द्या.”

मी त्यांना सांगितलं. त्याच संध्याकाळी. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, बाहीची घडी नीट केली आणि म्हणाले, “जगताप, तुमचं नाव ह्या वेळच्या यादीत लागलंय. उद्या ओळख करून घ्या. कोट धुऊन आणलाय.”

म्हणून तो कोट, म्हणून ती दुपार.

पुढच्याच आठवड्यात तोच कोट घालून मी खऱ्या स्टॉकहोमला उतरलो. आता मी तुम्हाला या शहराची ओळख करून देतो, कारण मला ती रीतसर झालेली आहे. मोठ्या स्टेशनातून बाहेर पडायचं. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू मोकळी. (हे वाचून तुमच्या मनात जे आलं ते माझ्याही मनात आलं. मी जिन्यावरच डावीकडे बघितलं.) गाडीत कोणाशी बोलायचं नाही, तिथे ते आजारपणाचं लक्षण धरतात. कोणाच्या घरी गेलात तर बूट बाहेर काढायचे, आपल्यासारखेच. फुटपाथवर मध्येच एक काठी तिरकी ठेवलेली दिसली तर बाजूने जायचं, कारण वर छपरावरून बर्फाचे सुळे सुटणार असतात. पायाखाली बारीक खडी पसरलेली असते, ती बुटात जाते, जाऊ द्यायची. मार्चात सूर्य येतो, पण पाहुण्यासारखा, कोट न काढता बसतो.

आणि शहर म्हणजे बेटं. बेटांना जोडणारे पूल, पुलांखालून पाणी. एका बाजूला गोडं तळं, एका बाजूला खारा समुद्र, मध्ये हे जुनं गाव बुचासारखं बसलेलं.

रविवारी मी रज्जाकभाईंची वाट धरली. सांगितलेली प्रत्येक खूण होती. वळण म्हटलं तिथे वळण, पायऱ्या म्हटल्या तिथे पायऱ्या. मला हसू येत होतं. माझ्या आत राबिघ चालत होतं आणि बाहेर स्टॉकहोम, आणि दोघांची पावलं जुळत होती. चर्चचं टोक दिसलं की मला कॅम्पात त्याच्या जागी असलेली डिझेलची टाकी आठवायची. गल्लीच्या तोंडाशी कुट्टीच्या कॅबिनबाहेर वाळत घातलेली लुंगी दिसेल असं वाटायचं.

मग कधीतरी हसू थांबलं. मी एका धक्क्यावर होतो. त्याच्या आधी एका पुलाखाली होतो. त्याच्या आधी पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर. मी आठवून पाहिलं. या ओळखीत संग्रहालय नव्हतं. दुकान नव्हतं. बाग, नाटकगृह, चांगली कॉफी मिळते ती जागा, यातलं काहीच नव्हतं. सगळी वाट काठाकाठाने होती. प्रत्येक वळण अशा ठिकाणी आणून सोडत होतं जिथे एखादी गोष्ट वाहून येऊन अडकू शकेल. पुलाच्या कमानीचा आतला कोपरा. बांधून ठेवलेल्या होड्यांच्या मधली फट. धक्क्याच्या लाकडी खांबांमधला अंधार.

ही शहराची ओळख नव्हतीच. हा एका बापाचा शोध होता, आणि आम्ही सगळे, कुट्टी, गुलखान, दोन मॅनेजर आणि मी, तो वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा चालत होतो. एक जण थकला की कोट दुसऱ्याच्या अंगावर.

मी तरी पुढे गेलो. मागे फिरणं बरं दिसलं नसतं. कोणाला, ते मला विचारू नका. तिथे माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं, आणि तरी मी एकटा नव्हतो.

राजवाड्याच्या मागे पुलाखालून तळ्याचं पाणी घुसळत समुद्रात उतरतं. हिवाळाभर ते गोठत नाही. भर शहरात, मंत्री-बिंत्री जातात त्या रस्त्याला लागून, लोक तिथे गळ टाकून उभे असतात. मी कठड्याशी उभा राहिलो. बदकांची तोंडं पाहिली. किती वेळ गेला माहीत नाही. शेजारी लाल टोपीवाला एक म्हातारा गळ टाकून होता. न बोलणाऱ्यांच्या त्या देशात तो बोलला, आणि मी दचकलो.

“तुम्ही भारतातले?” त्याने इंग्रजीत विचारलं.

हो म्हटलं.

“एक विचारू का? रागावू नका. ही जागा तुमच्याकडे पवित्र आहे का? मी इथे नेहमी असतो. दर हिवाळ्याच्या शेवटी तुमच्या बाजूची माणसं येतात. वेगवेगळी. एकदा एक प्रचंड मोठा माणूस आला होता, दाढीवाला. गळ नसतो, कॅमेरा नसतो. नुसते उभे राहतात, पाण्याकडे बघतात, आणि जातात. सगळे एकसारखेच. आणि कोटही...” त्याने माझ्याकडे जरा वाकून बघितलं, “कोटही मला तोच वाटतो.”

मी खरं सांगणार होतो. पण माझी जीभ माझ्याआधी धावते. मी म्हणालो, “हो. आमच्याकडे तशी प्रथा आहे.”

म्हाताऱ्याने गंभीरपणे टोपी काढली आणि पुन्हा घातली.

राबिघला परतलो. त्या दिवशी चहा त्यांच्या खोलीवर नव्हता. ते मला समुद्रावर घेऊन गेले, गावातल्या कॉर्निशवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर. सूर्य कलला होता. सौदी बायका-मुलं सतरंज्या पसरून बसली होती, कोणी मक्याची कणसं भाजत होतं. तांबडा समुद्र कडेला पडला होता, परातीतल्या पाण्यासारखा. आम्ही कठड्यावर बसलो. अर्थात मी उजवीकडे.

“उभे राहिलात?”

“राहिलो.”

“बदकं?”

“पुलाकडे तोंडं. पाणी समुद्राकडे चाललंय, रज्जाकभाई. जोरात.”

त्यांनी मान हलवली. मग मी त्यांना म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, अगदी साभिनय, टोपी काढून दाखवली, गुलखानचा आकार हातांनी दाखवला. मला वाटलं, ते हसतील. हसलेही, मोठ्याने, कणसं खाणारी मुलं वळून बघायला लागली इतक्या मोठ्याने. मग एकदम थांबले.

“पयल्या दिवशी,” ते म्हणाले, “तिथली पोलीस बाई होती. चांगली बाई. मी तिला बोललो, बाई, ओहोटी लागली की बघा. आमच्या खाडीत कोण बुडला तर आमी रडत नाय बसत. आधी ओहोटीची वाट बघतो. पाणी नेतं, पाणी आणतं. तीन भरत्यांत माणूस काठाला लागतोच. आजोबांनी पायलं, बापाने पायलं. ती बाई बोलली, इथे ओहोटी नसते. मना वाटलं, तिला माझं इंग्रजी कळलं नाय.”

“मग?”

“मी काडी लावली. पाण्याच्या कडेला, दगडांच्या फटीत. आपल्याकडे पोरंपण लावतात, पाणी कुठवर आलं ते बघायला. संध्याकाळी गेलो, पाणी काडीशी. सकाळी गेलो, काडीशी. रोज गेलो. जगताप, पाणी तिथेच! जितकं होतं तितकंच! मी त्या काडीपाशी बसून होतो आन माझ्या बापजाद्यांची सगळी अक्कल माझ्या हातात मेली. जो समुद्र जात नाय तो येणार कुठून?”

समोरच्या तांबड्या समुद्राकडे त्यांनी हनुवटी उडवली.

“हा बगा. हापण तसाच. हिथे भरती म्हणजे वीतभरपण नाय. काय नेत नाय, काय आणत नाय. म्हून मी हिथे ऱ्हातो. हिथे मना झोप लागते. गावाला गेलो तर तो दिवसातून दोनदा दारापर्यंत येणार. दोनदा मी उठून बघणार, त्याने काय आणलं. दोनदा तो रिकामा येणार. हाजराला बोला, मना हे जमणार नाय.”

मी कराडचा माणूस. आमच्याकडे कोयना आणि कृष्णा समोरासमोरून येऊन भेटतात, आणि एकत्र झाल्या की सरळ निघून जातात. मागे वळून येणारं पाणी मला माहीतच नाही.

मग रज्जाकभाई पुन्हा बोलले, पण आता आवाज वेगळा होता.

“काय बोलला तो म्हातारा? नुसते उभे ऱ्हातात?”

“हो. उभे राहतात, बघतात, जातात.”

“वाकत नाय? बसत नाय?”

“नाही. कोण कशाला बसेल, रज्जाकभाई, थंडी काय असते तिथे.”

“आमच्या सगळ्या नमाजेत वाकायचं असतं,” ते हळू म्हणाले. “रुकू असतो, सजदा असतो, कपाळ जमिनीला. एकच नमाज नुसती उभ्याने होते. उभं ऱ्हायचं, मेल्यासाठी मागायचं, सलाम फिरवायचा, खलास.” त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “कुट्टी ख्रिस्ती. तुमी हिंदू. गुलखान एक तेवढा मुसलमान, तो तर बदकं मोजत असणार. आन मी तुमाला एकेकाला धाडत व्हतो. माझ्या पोराच्या जनाज्याला सगळी दुनिया उभी ऱ्हाऊन आली, जगताप. बाप सोडून.”

सूर्य बुडाला आणि मगरिबची अजान झाली. ते उठले, पँटची धूळ झटकली, आणि मशिदीकडे गेले. मी कठड्यावर बसून त्यांचं चालणं पाहिलं. डावीकडची जागा होती तशीच होती. आता मात्र त्या जागेकडे ते बघत नव्हते.

त्या महिन्यात त्यांनी कायमचं परत जायचा, फायनल एक्झिटचा, अर्ज टाकला. साहेबाला धक्का बसला, पगार वाढवून देतो म्हणाला. रज्जाकभाई म्हणाले, “शुक्रिया. घर में काम है.” निरोपाच्या जेवणाला नेपाळी आचाऱ्याने बिर्याणी केली आणि गुलखान परातीशेजारी बसून रडला. हल्ली जाणाऱ्यांना ऑफिसकडून एक पीडीएफ येते. तिच्यात संग्रहालयं आहेत, खरेदीची ठिकाणं आहेत, चित्रं सुरेख आहेत. परत आल्यावर कोणी काही विचारत नाही.

मी त्याच वर्षी रजेवर गेलो तेव्हा वाट वाकडी करून बाणकोटच्या खाडीवर उतरलो. भाभीने निरोप पाठवला होता: जुम्म्याला या. गाव लहान, माडांच्या आत दडलेलं, मशीद पांढरी, खाली पाण्याला लागून. जुम्म्याची नमाज झाल्यावर कोणी उठलं नाही. मी बाहेर चपलांच्या राशीजवळ उभा होतो. खिडकीतून नमाजींच्या सफा दिसत होत्या. समोर जिथे मय्यत ठेवतात तिथली जागा मोकळी, झाडून स्वच्छ केलेली. खतीबांनी विचारलं, मय्यत कोणाची? बाप असला तर बापाने सांगावं अशी तिथली रीत.

रज्जाकभाईंनी बाहीची घडी नीट केली.

“साजिद,” रज्जाकभाई म्हणाले. “साजिद अब्दुल रज्जाक सरखोत. माझा मुलगा.”

सगळे उभे राहिले. मीही उभाच होतो, मला वेगळं काही करावं लागलं नाही. एवढं मात्र खरं की ती नमाज मला ओळखीची वाटली.

रात्री त्यांनी मला ठेवून घेतलं. भाभीने तांदळाची भाकरी आणि सुरमई वाढली, माझ्या पानात जास्तीचा तुकडा टाकला. “तुमी धाडला,” एवढंच म्हणाली. जेवणं झाल्यावर ती आतल्या खोलीत गेली, आणि दाराच्या फटीतून मला तिचे उचललेले हात दिसले. ओठ हलत होते. मी मान वळवली.

सकाळी पहिल्या फेरीबोटीने मी पलीकडे निघालो. रज्जाकभाई घरात नव्हते, भाभीही नव्हती. निरोप न घेताच निघावं लागलं म्हणून मी जरा खट्टू होतो. बोट सुटली, मी कठड्याला टेकून मागे बघत होतो. पूर्ण ओहोटी होती. पाणी कितीतरी आत गेलेलं, काळा चिखल उन्हात चमकत होता आणि त्यात बायका वाकून शिंपल्या, तिसऱ्या, वेचत होत्या.

त्यांच्यापासून लांब, पार पाण्याच्या कडेपर्यंत गेलेला एक उंच माणूस. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली. इस्त्रीचा शर्ट लांबूनही ओळखू येत होता. तो वाकला. दोन्ही हात त्याने कोपरापर्यंत पाण्यात घातले आणि तळाशी चाचपत राहिला, संथपणे, एका जागेवरून दुसऱ्या जागी. मला वाटलं, सगळं फुकट गेलं. नमाज झाली, सलाम फिरला, आणि हा माणूस अजून...

“अरे हकडं! हकडं ये! तिथे काय गावनार हाय तुला?” भाभीचा आवाज पाण्यावरून स्वच्छ आला. पदर खोचून ती मागे उभी होती, कमरेला तिसऱ्यांची टोपली.

त्यांनी हात वर काढला. मुठीतून चिखलाचं पाणी ओघळत होतं. मूठ उघडून त्यांनी आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग वळून ते भाभीपर्यंत चालत गेले आणि जे काही होतं ते तिच्या टोपलीत टाकलं.

बोट पुढे निघाली. भरती लागायला अजून अवकाश होता.